पहिली हाफ मॅरेथॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, पुण्याची डिसेंबरात, साताऱ्याची भर पावसाळ्यात. नोंदणी सुरू झाली की तेच ते प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बहुतेक जण नोकरी आणि घर सांभाळून पहाटे तासभर काढणारे असतात. हे पान त्यांच्यासाठी आहे. उत्तरे सुटी सुटी वाचली तरी चालतील. वेळ कमी असेल तर निदान प्रश्न ३ वाचा, कारण निम्म्या तक्रारींचे मूळ तिथे आहे.

१. हाफ मॅरेथॉन म्हणजे नक्की किती? आमच्या सोसायटीत ५ किलोमीटरची 'मॅरेथॉन' झाली, ती धरायची का?

हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे हिच्या बरोबर दुप्पट. ५ आणि १० किलोमीटर ही वेगळी अंतरे आहेत, कार्यक्रमाला नाव काहीही दिलेले असो. पण सोसायटीची ती शर्यत वाया गेली असे समजू नका. २१ची नोंदणी करण्याआधी १० किलोमीटरची निदान एक शर्यत करावी, असे आमचे ठाम मत आहे. बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) लावणे, गर्दीत सुरुवात करणे, पाण्याच्या टेबलापाशी होणारी झुंबड, हे सगळे कमी अंतरात शिकून होते.

२. मी शेवटचा पळालो तो शाळेच्या क्रीडादिनाला. आता वय ४३, वजनही वाढलेले. सुरुवात कुठून करू?

चालण्यापासून. आठवड्यातून ४ दिवस ३० मिनिटे झपाझप चाला आणि हे तीन आठवडे करा. मग १ मिनिट पळणे, २ मिनिटे चालणे, असे १० वेळा. दर आठवड्याला पळण्याची मिनिटे थोडी वाढवा, चालण्याची थोडी कमी करा. आठ-दहा आठवड्यांत सलग ३० मिनिटे हळू पळता येऊ लागते. तिथपर्यंत पोचण्याआधी हाफची तारीख ठरवू नका.

चाळिशी ओलांडलेली असेल आणि वर्षानुवर्षे बैठे काम असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, साखर, धूम्रपान, घरात कमी वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू, यांपैकी काहीही असेल तर जाणे टाळूच नका. ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट लागेल की नाही हे ते ठरवतील. चालताना छातीत दाब जाणवत असेल किंवा कधी भोवळ आली असेल, तर तपासणी होईपर्यंत पळू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल, तर तिची मात्रा व्यायामाप्रमाणे बदलावी लागते का ते विचारून घ्या. पळताना खिशात ग्लुकोजची पुडी कायम ठेवा.

३. सगळे 'हळू पळ' म्हणतात. किती हळू? मी पळतोय आणि शेजारचे काका चालत माझ्या पुढे जातात!

जाऊ द्या. पळता पळता धाप न लागता दोन-तीन पूर्ण वाक्ये बोलता आली, तर तो तुमचा हळू वेग. एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल तर वेग जास्त आहे. नव्या माणसाचा हा वेग किलोमीटरला ८ ते ९ मिनिटे असतो, काहींचा १० मिनिटेही. चढ आला आणि बोलणे तुटले, तर चढ चाला.

यामागचे कारण समजून घेतले की हळू पळणे सोपे जाते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे घट्ट व्हायला मात्र महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात दम वाढलेला असतो, पाय 'चल' म्हणतात, आणि नडगी किंवा टाच नेमकी तेव्हाच धरते. शिवाय लांब अंतरासाठी जे शरीरात घडायला हवे, म्हणजे स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढणे, पेशींची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढणे, चरबी इंधन म्हणून जाळण्याची सवय लागणे, ते हळू आणि जास्त वेळ पळण्यातून चांगले घडते.

आठवड्यातले साधारण ८० टक्के पळणे या वेगाने व्हावे. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे रोज मध्यम जोरात पळणे. तो वेग थकवण्याइतका जास्त असतो आणि खऱ्या वेगाच्या सरावाइतका उपयोगी नसतो. घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबत असाल तर लक्षात ठेवा, '२२० वजा वय' हा ढोबळ अंदाज आहे आणि एखाद्या माणसात तो १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतो. बोलण्याची कसोटी जास्त भरवशाची.

४. किती आठवडे लागतील? आठवडा कसा आखू?

सलग ५-६ किलोमीटर हळू पळता येत असेल तर १६ आठवडे. मंगळवारी ५ किलोमीटर हळू, गुरुवारी ६, शनिवारी ३-४ किंवा आराम, रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातले सर्वांत लांब पळणे. बुधवारी आणि शुक्रवारी घरच्या घरी २० मिनिटे ताकदीचे व्यायाम: स्क्वॉट, पाठीवर पडून कंबर उचलणे, प्लँक, आणि पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे (१५चे ३ सेट). टाचांचा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण पोटरी आणि टाच वाचवण्यासाठी तो सोडू नका. सोमवारी काहीही नाही.

रविवारचे अंतर किलोमीटरमध्ये असे चढवा: ७, ८, ९, ७, १०, ११, १२, ९, १३, १४, १५, ११, १६, १८, १२, आणि सोळाव्या रविवारी शर्यत. दर चौथा आठवडा हलका आहे, कारण शरीर विश्रांतीतच बांधले जाते. गुरुवारी पहिले चार आठवडे फक्त हळू पळा. पाचव्यापासून शेवटी २० सेकंदांच्या चार झपाट्याच्या धावा घाला, प्रत्येकीनंतर पूर्ण दम येईपर्यंत चाला. नवव्यापासून मधली १० ते २० मिनिटे अशा वेगाने पळा की चार-पाच शब्दच बोलता येतील.

मुंबईसाठी हा हिशेब सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो, म्हणजे नवरात्र आणि दिवाळी मध्ये येणारच. हलका आठवडा दिवाळीत बसेल असा आराखडा पुढे-मागे सरकवा. एक आठवडा बुडाला तर तो विसरून पुढे चला. दोन बुडाले तर बुडण्याआधीचा आठवडा पुन्हा करा. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढायला गेलात की दुखापत होते.

५. सरावात एकदा तरी पूर्ण २१ पळायला नको का? नाहीतर शर्यतीत जमेल कसे?

गरज नाही. १६ ते १८ पुरतात. शेवटचे तीन किलोमीटर टेपरची, म्हणजे शर्यतीआधी अंतर घटवून घेतलेली, विश्रांती (प्रश्न १६), थंड पहाट आणि आजूबाजूचे लोक पळवून नेतात. तुमचा वेग किलोमीटरला ९ मिनिटांच्या पुढे असेल तर अंतराऐवजी वेळ धरा आणि अडीच-पावणेतीन तासांवर थांबा. त्यापुढे मिळणारा फायदा थोडा असतो आणि सावरायला लागणारे दिवस बरेच.

६. शूज किती महागाचे घ्यावेत? कार्बन प्लेटवाले घेऊ का?

पहिल्या हाफसाठी कार्बन प्लेट (तळात बसवलेली कडक पट्टी) नको. ती जास्त वेगात उपयोगी पडते, आणि तिचा उंच, मऊ तळ नवख्या घोट्याला डगमगता वाटतो. रोजच्या सरावाचा साधा रनिंग शू घ्या. खरेदीला संध्याकाळी जा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात आणि पळताना तसेच सुजतात. ज्या मोज्यांत पळणार ते घालून जा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. म्हणजे बहुतेकांना रोजच्या चपलेपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. दुकानात पळून पाहा आणि पहिल्याच मिनिटाला जो सहज वाटेल तो घ्या. 'वापरून सैल होईल' असे सांगितलेला शू घेऊ नका.

एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. वरून चांगला दिसला तरी आतला फोम मेलेला असतो. नडगी, गुडघा अचानक कुरकुरू लागले तर आधी शूजचे किलोमीटर मोजा. शर्यतीचा शू शर्यतीआधी किमान ४०-५० किलोमीटर पळालेला हवा.

७. साताऱ्याची हिल मॅरेथॉन पहिली म्हणून करू का? मित्र म्हणतो निसर्ग बघत होऊन जाते.

निसर्ग खराच सुंदर. पण २०१२ पासून होणाऱ्या या शर्यतीत पहिला अर्धा भाग जवळजवळ पूर्ण चढ आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि त्याच वाटेने परत उतरायचे. सपाटीवरच्या वेळेत १५ ते २५ मिनिटे वाढतील असे धरून चला. चढ दम काढतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. मांड्या मोडतात त्या उतारावर, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. म्हणून सरावात दर आठवड्याला एक टेकडी हवीच आणि ती उतरायचीही हवी. पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजई, मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता. शर्यतीत वर जाताना प्रत्येक वळणावर ३० पावले चाला. खाली येताना लांब ढांगा टाकू नका, पावले छोटी आणि भराभर पडू द्या. सपाटीवरची एखादी शर्यत आधी झालेली असेल तर सातारा जास्त आनंदाने होईल.

८. एप्रिल-मेमध्ये आणि पावसाळ्यात सराव कसा करायचा?

उन्हाळ्यात ५ वाजता सुरू करून ७च्या आत संपवा. विदर्भात तर ६.३०च्या आत. मुंबई-कोकणात पारा कमी दिसतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. त्याच वेगाला ठोके १०-१५ने वाढतात. तेव्हा वेग किलोमीटरला ३० ते ६० सेकंदांनी कमी करा. हा आळस नाही, शरीरावरचा भार तेवढाच ठेवण्याचा हिशेब आहे. सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात.

पावसात भिजायला हरकत नाही. घसरायला आहे. पेव्हर ब्लॉकवरचे शेवाळ, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे यांवर पाऊल टाकू नका. पाणी साचलेल्या रस्त्यावर पळूच नका, खाली उघडे मॅनहोल असू शकते. पायाला जखम असताना त्या पाण्यातून गेला असाल आणि पुढे ताप आला, तर डॉक्टरांना पाण्याची गोष्ट आवर्जून सांगा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) लवकर ओळखता येतो. ओल्या शूजचा आतला तळ काढा आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने बोळे बदला आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवल्यास तळाचा डिंक सुटतो.

हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (AQI) पहाटे पाहा. तो २००च्या वर असेल तर त्या दिवशी ताकदीचे व्यायाम घरात करा.

९. पहाटे कुत्री मागे लागतात. काय करू?

थांबा. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे हा त्यांचा स्वभाव आहे. नजरेला नजर न देता, त्यांच्याकडे पूर्ण पाठ न फिरवता, चालत त्यांच्या हद्दीतून बाहेर पडा. दगड उचलू नका. रोजचा रस्ता एकच ठेवला तर पंधरा दिवसांत बहुतेक कुत्री ओळखू लागतात. चावलेच, किंवा नुसते दात लागून ओरखडा उठला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ती सरकारी रुग्णालयांत मिळते. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका.

१०. पळायच्या आधी काय खाऊ? रिकाम्या पोटी चालेल? आणि चहा?

तासाभराचे हळू पळणे रिकाम्या पोटी चालते. त्याहून लांब असेल तर ४५ मिनिटे आधी एक केळे, किंवा दोन खजूर, किंवा जॅम लावलेला ब्रेडचा एक तुकडा. शर्यतीच्या पहाटे दीड-दोन तास आधी थोडे जास्त. पोहे चालतात, पण कमी तेलाचे, शेंगदाणे-खोबऱ्याविना आणि वाटीभरच. मिसळ, वडा, मोड आलेली कडधान्ये, कच्ची कोशिंबीर आदल्या दुपारनंतर बंद. तेल आणि चोथा पोटात रेंगाळतात आणि बाराव्या किलोमीटरला शौचालय शोधायला लावतात.

चहा-कॉफीची रोजची सवय असेल तर घ्या, पोट साफ व्हायलाही मदत होते. सवय नसेल तर शर्यतीच्या दिवशी सुरू करू नका.

९० मिनिटांच्या पुढे पळणार असाल तर वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका जेलमध्ये (पळता पळता चोखायची दाट, गोड पुडी) साधारण २०-२५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यातही जवळपास तेवढीच. पहिले जेल ४०-४५ मिनिटांनी, मग दर ३०-४० मिनिटांनी, नेहमी साध्या पाण्याबरोबर. ते सरावाच्या तीन-चार लाँग रनमध्ये वापरून पाहिलेले हवे.

११. पाणी किती? आणि इलेक्ट्रॉल नुसत्या पाण्यात थोडे टाकून घेतले तर?

तहान लागेल तसे प्या. दमट हवेत बहुतेकांना तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर पुरते, घोट घोट, दर २०-२५ मिनिटांनी. स्वतःचा आकडा काढायचा असेल तर तासभर पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. १ किलो घटले म्हणजे साधारण १ लिटर घाम. तो सगळा भरून काढायची गरज नसते. पळून वजन वाढले असेल तर मात्र पाणी जास्त झाले. अति पाण्याने रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. हे पाणी कमी पडण्याइतकेच, कधी त्याहून जास्त धोक्याचे असते. हळू पळणाऱ्यांत ते जास्त दिसते, कारण प्रत्येक टेबलापाशी थांबून पिण्याइतका वेळ त्यांच्याकडे असतो.

ओआरएसची पुडी जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढ्याच पाण्यात विरघळवा. अंदाजाने दाट केलेले द्रावण पोटातून पुढे सरकत नाही आणि मळमळते. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. रक्तदाब असेल तर मिठाबद्दल डॉक्टरांना विचारा.

१२. श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे उपवास असतात. त्या दिवशी पळू का?

हळू आणि ४५ मिनिटांपर्यंत पळा. लाँग रन आणि वेगाचा सराव उपवासाच्या दिवशी नको. नऊ दिवसांचा उपवास असेल तर तो तुमचा हलका आठवडा समजा (प्रश्न ४). फराळात रताळे, राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि दूध पळणाऱ्याला चांगले. साबुदाण्यात पिष्ट भरपूर आहे, पण खिचडीतले तूप आणि दाण्याचे कूट पचायला वेळ घेतात, म्हणून ती पळून आल्यावर खा. निर्जळी असेल तर त्या दिवशी पळू नका.

१३. घरचे म्हणतात पळून गुडघे झिजतात. खरे का?

हौशी पळणाऱ्यांबाबत पुरावा उलट दिशेने आहे. २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा गुडघा किंवा खुब्याची संधिझीज हौशी पळणाऱ्यांत सुमारे ३.५ टक्के आणि बैठे जीवन जगणाऱ्यांत सुमारे १०.२ टक्के आढळली. व्यावसायिक पातळीवर पळणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. पळणाऱ्यांचे वजन कमी असते हा त्यातला एक भाग आहेच, त्यामुळे पळणे हे औषध आहे असा अर्थ काढू नका. आणि गुडघ्याला जुनी दुखापत किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल, तर हे आकडे तुम्हाला लागू पडत नाहीत. अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा.

१४. दुखत असताना पळावे की थांबावे?

पोटऱ्या आणि मांड्या दोन्ही बाजूंनी सारख्या दुखत असतील आणि पाच-दहा मिनिटांत मोकळ्या होत असतील, तर हळू पळा. दुखणे एका बाजूला असेल, बोट ठेवून दाखवता येत असेल, पळता पळता वाढत असेल किंवा चाल लंगडी करत असेल, तर थांबा. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोटभर भागात दाबल्यावर कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर ते हाडाला गेलेली बारीक चीर असण्याची शक्यता आहे. बाम चोळत पळत राहू नका. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती बहुतेकदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर पळणे पुन्हा सुरू करू नका.

मांड्या, काखा, ब्राचा पट्टा आणि पुरुषांची स्तनाग्रे घासून सोलली जातात, विशेषतः पावसात. निघण्याआधी व्हॅसलीन लावा, पुरुषांनी कागदी वैद्यकीय टेप. सुती टी-शर्ट घामाने जड होतो, तो लांब अंतराला नको. अंगठ्याचे नख काळे पडत असेल तर शू लहान आहे किंवा नखे वाढली आहेत (प्रश्न ६).

१५. पाळीत पळू का? बायकांनी आणखी काय सांभाळावे?

पाळीत पळणे सुरक्षित आहे. काहींना हलके पळून कळा कमी झाल्यासारख्या वाटतात, काहींना पहिला दिवस जमत नाही, आणि दोन्ही ठीक आहे. लांब पळताना पॅड घासतो. कप किंवा टॅम्पॉन वापरणार असाल तर सवय सरावात करा. स्पोर्ट्स ब्रा शूजइतकीच महत्त्वाची. पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत, आणि जागेवर उड्या मारून पाहूनच घ्या.

सराव नीट चालू असून महिनाभर विनाकारण दमायला होत असेल, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. किलोमीटर वाढले आणि पाळी तीन महिने आली नाही, तर ते शिस्तीचे लक्षण मानू नका. खाणे कमी पडत असू शकते आणि हाडांवर परिणाम होत असू शकतो, स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर कधी व किती पळायचे हे त्यांच्याच सल्ल्याने.

अंधारात एकटीने पळायचे टाळता येत नसेल तर फोनवरून घरच्यांना लाइव्ह लोकेशन द्या, आणि रोजची वेळ व रस्ता सार्वजनिक ॲपवर उघडा ठेवू नका. घराभोवतीचा भाग नकाशावर लपवण्याची सोय ॲपमध्ये असते.

१६. शेवटच्या दोन आठवड्यांत पळणे कमी केले तर कमावलेले जाईल ना?

जात नाही. शेवटच्या दहा दिवसांत मेहनत करून तंदुरुस्ती वाढत नाही, फक्त थकवा वाढतो. दोन आठवडे आधी एकूण अंतर साधारण तीस टक्क्यांनी कमी करा, शेवटच्या आठवड्यात निम्म्यावर आणा. दिवस तेवढेच ठेवा, अंतर घटवा. या काळात नसलेली दुखणी जाणवतात, पाय जड वाटतात, झोप बिघडते. हे जवळजवळ सगळ्यांना होते. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी चालेल, त्याच्या आधीच्या दोन रात्री पूर्ण झोपा. नवे मोजे, नवे जेल, नवी मालिश यांपैकी काहीही या आठवड्यात नको.

१७. शर्यतीच्या सकाळी गडबड होऊ नये म्हणून काय करू?

आदल्या रात्री बिब टी-शर्टला पुढच्या बाजूने चार पिनांनी लावून ठेवा. वेळ मोजणारी चिप बहुतेकदा बिबच्या मागे चिकटवलेली असते, तेव्हा बिब दुमडू नका. बिबच्या मागे रक्तगट, औषधे, ॲलर्जी आणि घरच्यांचा नंबर लिहा. मुंबईत हाफची सुरुवात अलीकडच्या वर्षांत माहीमला झाली आहे आणि शेवट सीएसएमटी परिसरात. म्हणजे निघायचे एकीकडून आणि परतायचे दुसरीकडून. रस्ते बंद असतात, लोकलचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहा. सुरुवातीच्या तासभर आधी पोचा, कारण शौचालयाच्या रांगेतच अर्धा तास जातो. टिश्यू सोबत ठेवा. थंडी वाजली तर अंगात जुना शर्ट घालून थांबा. सुरुवातीला ५-७ मिनिटे चालणे आणि पाय झुलवणे पुरे, पहिला किलोमीटर हाच तुमचा वॉर्मअप.

१८. वेग किती ठेवू? दरवेळी शेवटच्या ५ किलोमीटरला माझी वाट लागते.

वाट पहिल्या ५ किलोमीटरला लागलेली असते, कळते शेवटी. ताजे पाय, ढोल आणि गर्दी यांमुळे पहिले किलोमीटर ३०-४० सेकंदांनी वेगात जातात आणि त्या वेळी ते अगदी सोपे वाटतात. आधी वास्तव लक्ष्य ठरवा. ताजी १० किलोमीटरची शर्यत तासाभरात झाली असेल, तर सराव नीट असल्यास हाफ साधारण २ तास १२ मिनिटांत होते. पहिल्या वेळी त्यावर ५-८ मिनिटे मोकळी धरा.

किलोमीटरला लागणारा वेग: २ तासांसाठी ५ मिनिटे ४१ सेकंद, सव्वादोनसाठी ६:२४, अडीचसाठी ७:०६, तीनसाठी ८:३२. पहिले ३ किलोमीटर याहून १५ सेकंद हळू, १६पर्यंत ठरलेला वेग, मग अंगात असेल ते. मुंबईच्या मार्गावर समुद्रसेतूची कमान आणि पुढे पेडर रोडचा चढ आहे. पेडर रोडवर घड्याळ पाहू नका. श्वास जितका लागत होता तितकाच ठेवा, वेग उतरेल तो उतरू द्या, उतारावर थोडा परत मिळतो.

पेसरच्या (ठरलेल्या वेळेत शर्यत पुरी करून देणारा धावक) मागे जायचे तर तुमच्या लक्ष्याच्या, नाहीतर एक पायरी हळू 'बस'मध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या घोळक्यात. तो चिप टाइम धरतो की गन टाइम ते सुरुवातीलाच विचारा (प्रश्न २०).

१९. मध्ये चाललो तर ती शर्यत मोजतात का?

पूर्ण मोजतात. चालण्याला नियमांत कुठेही मनाई नाही. ठरवून चालणे, म्हणजे पहिल्या किलोमीटरपासून ४ मिनिटे पळणे आणि १ मिनिट चालणे, दमल्यावर चालण्यापेक्षा चांगला वेळ देते. चालायला लागण्याआधी मागे पाहा, हात वर करा, कडेला या. कटऑफ, म्हणजे शर्यत पुरी करायची कमाल वेळ, किती आणि तो वाटेत कुठे कुठे मोजला जातो हे नियमावलीत वाचा. काही ठिकाणी अमुक किलोमीटर अमुक वेळेत पार करावा लागतो, नाहीतर रस्ता वाहतुकीला उघडतो आणि आयोजक गाडीत बसवतात.

२०. घड्याळात २१.४ किलोमीटर आले. मार्ग चुकीचा मोजला का? आणि प्रमाणपत्रावर दोन वेगळ्या वेळा का?

प्रमाणित मार्ग शक्य तितक्या जवळच्या वाटेने, वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून मोजतात. तो कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जास्तही धरतात. तुम्ही गर्दीतून नागमोडी जाता, पाण्यासाठी कडेला जाता, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटते. २१.२ ते २१.५ येणे स्वाभाविक आहे. म्हणून घड्याळावरच्या सरासरी वेगावर विसंबून २ तासांच्या आत येणार असे धरू नका. रस्त्यावरचे किलोमीटरचे फलक आणि एकूण वेळ पाहा, आणि ठरलेल्या वेगाहून ४-५ सेकंद पुढे राहा.

गन टाइम इशाऱ्यापासून मोजतात, चिप टाइम तुम्ही सुरुवातीची चटई ओलांडल्यापासून. मागच्या गटात दोन्हींत १० मिनिटांचाही फरक पडतो. स्वतःची वेळ म्हणून चिप टाइम सांगा. बक्षिसे कशावर ठरतात ते त्या शर्यतीच्या नियमांत असते.

२१. थोडा ताप आहे, किंवा गुडघा दुखतोय. गोळी घेऊन पळू का? इतके महिने सराव केलाय.

नाही. ताप, अंगदुखी, छातीत कफ, जुलाब यांपैकी काही असेल तर पळू नका. विषाणूचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला असू शकतो आणि त्यावर जोर पडला तर ठोके बिघडतात. ताप गोळीने उतरलेला असला तरी हे तसेच लागू. नुसते नाक वाहत असेल तर हळू पळता येते. डेंगी होऊन गेला असेल तर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, आणि चालण्यापासून.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शर्यतीआधी किंवा शर्यतीत घेऊ नका. घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो, या गोळ्या तो आणखी घटवतात. सोबत दुखण्याची सूचनाही बंद होते आणि बारीक दुखापत मोठी होते. सराव वाया जात नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी शर्यत शोधा.

२२. शर्यतीत कोणी कोसळले तर मी काय करावे?

थांबा. तुमची वेळ पुढच्या वर्षीही होईल. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर ओरडून मदत बोलवा, १०८ लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंटिमीटर खोल दाबायला लागा. कोणाला तरी एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आणायला पाठवा.

शुद्धीत आहे पण असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, अंग तापलेले आहे, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम असला तरी. सावलीत घ्या, मिळेल तेवढे थंड पाणी आणि बर्फ अंगावर ओता, वारा घाला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नका. भान नसलेल्या माणसाला पाणी पाजू नका. ही लक्षणे स्वतःत जाणवू लागली, म्हणजे गरमीत अंगावर काटा, थंडी वाजणे, वाट समजेनाशी होणे, तर जवळच्या स्वयंसेवकाला तसे सांगून बसा.

२३. झाल्यावर पुन्हा कधी पळू? पुढच्याच महिन्यात दुसरी हाफ लागली आहे.

रेषा ओलांडल्यावर १० मिनिटे चालत राहा, एकदम बसलात तर चक्कर येते. तासाभरात प्रथिने आणि कर्बोदके असलेले जेवण, वरण-भात-अंडी किंवा पनीर. दोन दिवस जिने उतरताना कठडा धरावा लागेल, ते सामान्य आहे. लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जा. चार-पाच दिवस फक्त चालणे, मग आठवडाभर हळू पळणे. दुसरी हाफ ५-६ आठवड्यांनंतर असेल तर जोर लावा, त्याआधी असेल तर ती लाँग रन म्हणून पळा.

२४. मित्राला जमत नाहीये, त्याच्या बिबवर मी पळालो तर काय बिघडते?

बरेच. बिबमागचा रक्तगट, औषधे आणि नंबर त्याचे असतात. तुम्ही बेशुद्ध पडलात तर डॉक्टरांच्या हातात चुकीची माहिती येते आणि फोन भलत्याच घरी जातो. विमा नोंदलेल्या माणसाचा असतो. शिवाय तिशीतला माणूस पंचावन्नच्या गटातल्या बिबवर पळाला, तर त्या गटात वर्षभर राबलेल्या कोणाचा तरी क्रमांक जातो. पकडले गेल्यास दोघांवरही पुढच्या शर्यतींसाठी बंदी येऊ शकते. काही आयोजक ठरावीक तारखेपर्यंत नाव बदलून देतात, काही नोंदणी पुढच्या वर्षात सरकवतात. तसा ईमेल मित्राने स्वतः पाठवायचा असतो. तारीख उलटून गेली असेल तर बिब घरीच राहू द्या.